मोडली तर शिक्षा काय?

(जिल्हा न्यायालयात अनेक वर्षं वकिली केलेल्या आमच्या वकीलबाई या सदरात वाचकांच्या कायदेविषयक प्रश्नांना उत्तरं देतात. संविधानाच्या उद्देशिकेबद्दल आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत.)

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. परिपाठात मुलं उद्देशिका म्हणतात. परवा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, यातलं कुणी काही पाळलं नाही तर त्याला शिक्षा काय?" मी "उद्याच्या तासाला सांगते" म्हणून वेळ मारून नेली. काय सांगू?

शिक्षा काहीच नाही, असं सरळ सांगा. गोल गोल उत्तर देऊ नका, कारण मुलीने अगदी वकिली प्रश्न विचारला आहे. नवा कायदा हातात पडला की आम्हीही आधी पानं उलटून दंडाचं कलम शोधतो. उद्देशिकेत तसं कलम नाही. नुसत्या उद्देशिकेचा भंग झाला म्हणून दावा लावता येत नाही, फिर्यादही होत नाही. उलट बाजूनेही तेच. उद्देशिकेत "न्याय" लिहिला आहे म्हणून सरकारला एखादा जादा अधिकार मिळाला, असंही होत नाही.

मग ती हवी कशाला? मी खरेदीखतं, बक्षीसपत्रं पुष्कळ लिहिली आहेत. जुन्या पद्धतीच्या दस्तात वरचा मजकूर ठरलेला असतो. लिहून घेणार अमुक, लिहून देणार तमुक, "कारणे खरेदीखत लिहून देतो की", आणि मग मिळकत देणाऱ्याकडे कशी आली, तो ती आता का देतो आहे, हे सगळं. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, किंमत, ताबा हे त्याच्या खाली. घाईतला पक्षकार म्हणायचा, "बाई, वरचं राहू द्या, चतुःसीमा तेवढ्या नीट बघा." चतुःसीमा बघायच्याच. पण वीस वर्षांनी भांडण कोर्टात आलं आणि आतल्या एखाद्या वाक्याचे दोन अर्थ निघायला लागले, की न्यायाधीश पान उलटून वर जातात. हा दस्त मुळात कुणी, कुणाला, कशासाठी लिहून दिला? आतलं कलम स्वच्छ असेल तर वरच्या मजकुराने ते बदलत नाही. कलम संदिग्ध असलं की तोच मजकूर उपयोगी पडतो. उद्देशिकेचंही काम हेच. फक्त या दस्तात लिहून देणार आणि लिहून घेणार एकच आहेत. "आम्ही, भारताचे लोक" अशी सुरुवात आणि "स्वतःप्रत अर्पण करीत आहोत" असा शेवट.

एवढं मुलीला पुरेल. तुमच्यासाठी थोडं पुढचं सांगते, कारण पाठ्यपुस्तकात हे दोन ओळींत उरकलेलं असतं.

१९५८ मध्ये नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांच्यात करार झाला. पश्चिम बंगालमधल्या जलपायगुडी जिल्ह्यातल्या बेरुबारी युनियनचा अर्धा भाग पाकिस्तानला द्यायचं त्यात ठरलं होतं. देशाचा भाग असा देता येतो का, हा प्रश्न राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवला. सार्वभौम गणराज्य म्हणवणाऱ्या देशाला आपली जमीन देताच येणार नाही, असा युक्तिवाद उद्देशिकेच्या आधारावर झाला. १९६० मध्ये न्यायालयाने सांगितलं की उद्देशिका घटनाकारांचं मन उघडणारी किल्ली खरी, पण ती संविधानाचा भाग नाही. तिच्यातून अधिकार निघत नाहीत आणि अधिकारांना मर्यादाही येत नाहीत. शेवटी त्या हस्तांतरासाठी नववी घटनादुरुस्ती करावी लागली.

तेरा वर्षांनी बाजू पालटली. केरळातल्या एडनीर मठाचे प्रमुख केशवानंद भारती जमीनसुधारणा कायद्याविरुद्ध न्यायालयात आले होते. त्यांच्या बाजूने नानी पालखीवाला उभे, समोर केरळ सरकारसाठी एच. एम. सीरवाई. दोघेही मुंबईचेच वकील. ६८ दिवस सुनावणी झाली. २४ एप्रिल १९७३ ला तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा बहुमताने ठरवलं की संसद संविधान दुरुस्त करू शकते, पण त्याची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. आता ही चौकट कोणती? संविधानात तिची यादी कुठेही नाही. ती शोधताना न्यायमूर्ती पुन्हा पुन्हा उद्देशिकेकडे गेले. आणि बेरुबारीच्या वेळी एक गोष्ट नजरेतून सुटली होती, तीही इथे समोर आली. उद्देशिका हा संविधानाचा भाग असावा, असा ठराव खुद्द संविधानसभेने मतदानाने मंजूर केला होता. न्यायालयाने आपलं आधीचं मत सोडून दिलं.

त्यानंतर उद्देशिका निकालपत्रांत वारंवार येते. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. "खासगीपणा" हा शब्द तर संविधानात कुठेच नाही. "व्यक्तीची प्रतिष्ठा" आहे, ती उद्देशिकेत. निकालाला मोठा टेकू तिचा मिळाला. प्रत्येक वेळी ती नागरिकाच्या बाजूने वापरली जाते असं मात्र समजू नका. २०१६ मध्ये अब्रुनुकसानीचा फौजदारी गुन्हा कायम ठेवताना सर्वोच्च न्यायालयाने बंधुतेचा आधार घेतला. म्हणजे बंधुता आली आणि बोलण्याचं स्वातंत्र्य थोडं आखडलं. मला तो निकाल आजही पटत नाही. बंधुता ही तुरुंगाच्या धाकाने टिकवायची गोष्ट नव्हे.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. संविधानसभेचे सदस्य सर्व जनतेने निवडलेले नव्हते, संविधानावर सार्वमतही घेतलं नाही. मग "आम्ही, भारताचे लोक" हे म्हणण्यापुरतंच नाही का?

तुमची माहिती बरोबर आहे. १९४६ मध्ये प्रांतिक विधानसभांच्या सदस्यांनी हे सभासद निवडले. त्या विधानसभांना मत देण्याचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींत बसणाऱ्यांनाच होता. संस्थानांकडून आलेले काही तर नेमलेलेच होते.

पण "आम्ही" हा दावा मतमोजणीचा नव्हता. हे संविधान कुणाच्या अधिकाराने होतं आहे, त्याचं ते उत्तर आहे. त्या घडीला देश १९३५ च्या भारत सरकार कायद्यावर आणि १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्यावर चालला होता. दोन्ही लंडनच्या पार्लमेंटने केलेले. म्हणजे आपलं स्वातंत्र्यसुद्धा कायद्याच्या कागदावर ब्रिटिश पार्लमेंटची देणगी ठरत होतं! संविधानसभेने हा धागा मुद्दाम तोडला. संविधान गव्हर्नर-जनरलच्या संमतीसाठी पाठवलंच नाही. सभेचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांच्या सहीने ते पुरं झालं. शिवाय शेवटचं कलम, ३९५ वं, उघडून बघा. त्यात हे दोन्ही कायदे रद्द केले आहेत. उद्देशिका आणि कलम ३९५ ही जोडी एकत्र वाचायची. पहिलं टोक म्हणतं हे आमचं आहे, दुसरं टोक जुना मालकी हक्क खोडून टाकतं. परीक्षेत लिहिलंत तर परीक्षकालाही बरं वाटेल.

ही शंका सभागृहातही निघाली होती. पूर्णिमा बॅनर्जी यांनी लोकांचं सार्वभौमत्व आणखी स्पष्ट लिहावं अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांचं उत्तर साधारण असं होतं : अमेरिकेचं संविधानही एका लहानशा सभेनेच लिहिलं आणि तेही "आम्ही लोक" म्हणूनच सुरू होतं. आपल्या संविधानाचं मूळ, अधिकार आणि सार्वभौमत्व लोकांकडून येतं हे आहे त्या शब्दांत आलेलंच आहे.

माझं म्हणाल तर तो "आम्ही" खरा झाला १९५१-५२ च्या निवडणुकीत. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईला आणि पुरुषाला, अक्षरओळख असो नसो, कलम ३२६ मुळे मत मिळालं. त्याआधीच्या "आम्ही" वर तुम्ही शंका घेतलीत तर मी भांडणार नाही.

प्रश्न : उद्देशिका सगळ्यात आधी आहे, म्हणजे ती सगळ्यात आधी लिहिली असणार. बरोबर?

आशय आधीचा, मंजुरी शेवटची. १३ डिसेंबर १९४६ ला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लिम लीग आणि संस्थानं सभेत आलेली नाहीत, तेव्हा थोडं थांबा, असं मुकुंदराव जयकरांचं म्हणणं होतं. १७ डिसेंबरला बोलताना आंबेडकरांनीही घाई नको असाच सूर लावला. २२ जानेवारी १९४७ ला ठराव मंजूर झाला आणि त्यातूनच उद्देशिकेचा मसुदा आला. पण सभागृहाने ती चर्चेला घेतली ती १७ ऑक्टोबर १९४९ ला, कलमं होत आल्यावर. आत काय आहे ते ठरल्याशिवाय वरचं कसं पक्कं करणार?

त्या दिवसाचं कामकाज मी तरुणपणी वाचलं आणि आजही मधूनमधून काढून वाचते. ज्येष्ठ शायर मौलाना हसरत मोहानी यांना सोव्हिएत संघाच्या धर्तीवर भारतीय समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ हवा होता. मध्य प्रांत-वऱ्हाडचे हरि विष्णु कामत यांनी दुरुस्ती मांडली की सुरुवात "ईश्वराच्या नावाने" अशी व्हावी. आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठले आणि म्हणाले, आम्ही शाक्त पंथाचे, नुसत्या देवाचं नाव का, देवीचंही घ्या! पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना विनवलं की ईश्वरावर मत द्यायची पाळी आमच्यावर आणू नका. पंडित हृदयनाथ कुंझरूंचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. विश्वास आणि उपासना यांचं स्वातंत्र्य देणाऱ्या मजकुरात एक विश्वास सर्वांवर कसा लादायचा? कामत हटले नाहीत. हात वर झाले, ४१ बाजूने आणि ६८ विरुद्ध. दुरुस्ती पडली.

आणि विरोधात असलेले सगळे नास्तिक नव्हते, हे ध्यानात घ्या. त्याच संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्याला, खासदाराला शपथ ईश्वराच्या नावाने घेता येते, किंवा ते नाव न घेता नुसती प्रतिज्ञा करता येते. ज्याची त्याची निवड. उद्देशिका सगळ्यांच्या नावाने एकदमच बोलते, तिथे अशी निवड ठेवायला जागाच नव्हती.

गांधीजींचं नाव घालावं अशीही सूचना शिब्बनलाल सक्सेना यांनी केली होती. ब्रजेश्वर प्रसाद यांनी हरकत घेतली. हे संविधान गांधीविचारावर उभं नाही, १९३५ च्या कायद्यावर आणि अमेरिकेच्या न्यायालयाच्या निकालांवर उभं आहे, मग त्यांचं नाव कशाला? सूचना मागे घेतली गेली.

प्रश्न : प्रत्येक देशाच्या संविधानाला अशी प्रस्तावना असते का?

नाही. ऑस्ट्रेलियात नवी प्रस्तावना घालण्याचा प्रस्ताव १९९९ च्या सार्वमतात लोकांनीच फेटाळला. आयर्लंडची प्रस्तावना ख्रिस्ती धर्मातल्या पवित्र त्रैक्याच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) नावाने सुरू होते. दक्षिण आफ्रिकेची मला आवडते, कारण तिथले लोक आधी आपल्या भूतकाळातल्या अन्यायांची कबुली देतात, आणि मग पुढचं बोलतात.

प्रश्न : आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेहुण्यांनी जुन्या हस्तलिखित उद्देशिकेचा फोटो टाकला. त्यात "समाजवादी" आणि "धर्मनिरपेक्ष" नाहीत. "हीच खरी, बाकी खोटी" असं ते म्हणतात. वाद इतका वाढला की दोघांनी ग्रुप सोडला. खरी कोणती?

फोटो खरा आहे. तो सुंदर मजकूर प्रेमबिहारी नारायण रायजादा यांच्या हातचा आहे, आणि संविधानाच्या पानांची सजावट नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनातल्या सहकाऱ्यांची. १९४९ ला मजकूर तसाच होता. पुढे ४२ व्या घटनादुरुस्तीने तो बदलला आणि ३ जानेवारी १९७७ पासून बदललेला मजकूर लागू झाला. आज कायदा म्हणून वाचायचा तो हाच. जुन्या खऱ्या प्रतीमुळे आजची प्रत खोटी होत नाही, एवढं मेहुण्यांना सांगा.

बदल दोन नव्हेत, तीन. "राष्ट्राची एकता" याच्या पुढे "आणि एकात्मता" हेही तेव्हाच आलं. त्यावरून मात्र आजवर कुणी ग्रुप सोडल्याचं ऐकिवात नाही.

मेहुण्यांच्या रागाला जागा नाही असंही म्हणणार नाही. तो काळ आणीबाणीचा. विरोधी नेते तुरुंगात आणि लोकसभेची नेहमीची मुदत संपून ती वाढवलेली. अशा वेळी उद्देशिकेला हात लावणं मला गैरच वाटतं. संविधानसभेतही हा विषय येऊन गेला होता. १५ नोव्हेंबर १९४८ ला के. टी. शहांनी "सेक्युलर, फेडरल, सोशलिस्ट" हे शब्द पहिल्याच कलमात घालायची दुरुस्ती मांडली. आंबेडकरांनी ती नाकारली. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे लोकांनी त्या त्या काळाप्रमाणे ठरवायचं, संविधानात बांधून टाकलं तर लोकशाहीच उरत नाही, हे त्यांचं म्हणणं. दुसरं असं की मार्गदर्शक तत्त्वांत समाजवादी आशय आहेच, मग वेगळा शब्द कशाला?

पण दुसरी बाजूही ग्रुपवर जाऊ द्या. आणीबाणी उठली, जनता पक्षाचं सरकार आलं, त्याने ४४ व्या दुरुस्तीने ४२ वीतलं बरंच काही काढून टाकलं. हे शब्द मात्र राहू दिले. आणि शब्द नव्हता तेव्हाही वस्तू होतीच. धर्मावरून भेदभाव करायचा नाही हे कलम १५ मध्ये, धर्मस्वातंत्र्य २५ ते २८ मध्ये, पहिल्या दिवसापासून. १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात धर्मनिरपेक्षता हा मूलभूत चौकटीचा भाग ठरला. उद्देशिकेखाली तारीख २६ नोव्हेंबर १९४९ ची, मग १९७६ चे शब्द तिच्यात कसे, हा मुद्दाही सर्वोच्च न्यायालयात गेला. २५ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयाने त्या याचिका फेटाळल्या. कलम ३६८ चा दुरुस्तीचा अधिकार उद्देशिकेलाही लागू आहे, स्वीकृतीची तारीख त्याच्या आड येत नाही, असं सांगून.

ग्रुप सोडलेल्या दोघांना परत घ्या. तेवढं न्यायालयाच्या अखत्यारीत नाही.

प्रश्न : न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता. चारांतलं एक निवडायचं झालं तर तुम्ही कोणतं निवडाल?

बंधुता, आणि तेही वकील असून. पहिल्या तिघांसाठी मी पक्षकाराला हाताशी धरून कोर्टात नेऊ शकते. समानतेला कलम १४ ते १८, स्वातंत्र्याला १९ ते २२. बंधुतेचा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा?

नेहरूंच्या ठरावात ती नव्हती. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने ती घातली, आणि मसुद्याला टीप जोडून कारणही दिलं की भारतात बंधुभावाची आणि ऐक्याची गरज आजच्याइतकी कधीच नव्हती. मसुदा सादर झाला २१ फेब्रुवारी १९४८ ला. फाळणीचे लोंढे यायचे थांबले नव्हते, गांधीजींच्या हत्येला तीन आठवडे झाले होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या शेवटच्या मोठ्या भाषणात आंबेडकर याच मुद्द्यावर पुन्हा आले आणि स्पष्ट बोलले की जाती राष्ट्रविरोधी आहेत, कारण त्या माणसांना माणसांपासून तोडतात.

बंधुतेच्या सगळ्यात जवळ जाणारा कायदा आपल्या महाराष्ट्रातच आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा, २०१६ चा, २०१७ पासून अमलात आला. जातपंचायतीने एखाद्या घराला वाळीत टाकलं, त्यांच्याशी बोलायचं नाही, लग्नाकार्याला, मयतीला जायचं नाही असं फर्मावलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कायदा चांगला आहे, मी त्याची खंदी समर्थक आहे. पण त्याची हद्दही बघा. "जाऊ नका" म्हणणाऱ्या पंचाला तो आत टाकेल. त्या घरच्या मांडवात जाऊन पंगतीला बसायला तो शेजाऱ्याला लावू शकत नाही.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयात उद्देशिकेचा फलक लावायचा आहे. कार्यकारिणीत मतभेद आहेत. कोणता मजकूर घ्यावा?

सध्याचा अधिकृत मराठी मजकूर घ्या. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर छापलेला असतो, त्यावरून ताडून बघा. पेंटरकडे सोपवून मोकळे होऊ नका. "दर्जाची व संधीची समानता" मधला "दर्जाची" गळलेला आणि "प्रवर्धित" चं "परिवर्तित" झालेला फलक मी एका सरकारी इमारतीत पाहिला आहे. हस्तलिखित प्रतीची चौकटही लावायची असेल तर खुशाल लावा, खाली "१९४९ चा मूळ मजकूर" एवढं लिहा. दोन्ही शेजारी शेजारी टांगा. वाचणारे फरक विचारतील, तेव्हा ग्रंथपालांना हा अंक जपून ठेवायला सांगा.